आधी वण

थिस्टेड गावाच्या बाजारचौकात, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर थीरा लाउरसनचा त्वचेचा दवाखाना होता. सकाळी तिथे हान्सटोल्म बंदरावरची माणसं यायची. मासे कापून आणि खाऱ्या पाण्यात हात घालून त्यांना इसब झालेलं असायचं, बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या असायच्या. दुपारनंतर बाकावरची गर्दी बदलायची. कपाळावरच्या आठ्या घालवायला, गालावरचे डाग पुसायला, हनुवटीवरचे केस कायमचे काढून घ्यायला बायका यायच्या. अलीकडे पुरुषही, पण ते खालच्या दुकानात चष्मा बघायला आल्यासारखं दाखवायचे. थीराला दोन्ही कामं सारखीच आवडत. कातडं म्हणजे कातडं, ती म्हणायची, त्यात थोरलं-धाकटं काही नसतं.

तिच्याकडे बिर्थे नावाची नर्स होती. तिच्याहून जरा मोठी, अंगाने भक्कम आणि तोंडाने फटकळ. दवाखाना उघडल्यापासून दोघी एकत्र होत्या. बिर्थे एकटी राहायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची की माझा संसार या जिन्याच्या वरच आहे.

एस्कील हा त्यांचा जुना पेशंट. बंदरावरच्या कारखान्यात तो मासे कापायचा. त्याचा बाप कातड्याच्या कर्करोगाने गेला होता आणि एस्कीलच्या अंगावर तर तिळांचा सडाच पडलेला, म्हणून दर वर्षी उन्हाळा सरला की तो यायचा, कपडे काढून दिव्याखाली उभा राहायचा, आणि थीरा त्याच्या अंगाचे इंचाइंचाचे फोटो काढून ठेवायची. डोळे मिटूनसुद्धा तू या माणसाची पाठ ओळखशील, असं बिर्थे तिला चिडवायची आणि वर म्हणायची, "मालेनेच्या कानावर घालू नकोस म्हणजे झालं."

मालेने एस्कीलबरोबर राहत होती. त्याआधी ती एस्कीलच्या थोरल्या भावाची, योर्नची बायको होती. सगळ्या बंदराला ते ठाऊक होतं, आणि योर्न दारू प्याला की ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही व्हायचं.

त्या वर्षी फोटो काढून झाल्यावर थोड्याच दिवसांत एस्कील पुन्हा आला. त्याने डावी बाही वर केली. कोपरापासून मनगटाकडे एक वण गेलेला होता. पांढरा, सपाट, दोन्ही बाजूंना टाक्यांचे बारीक ठिपके, आणि मध्यावर गळाला असतो तसा बाक. थीराने बोट फिरवून पाहिलं. निदान दहा वर्षांपूर्वीचा, तिने मनाशी ठरवलं.

"हा शुक्रवारी नव्हता," एस्कील म्हणाला.

"असेल. माणूस स्वतःच्या हाताकडे कुठे बघतो?"

"मी दिवसभर हाताकडेच बघतो, थीरा. दुसऱ्या हातात सुरी असते."

तिने फोटो उघडले. डावा हात, आतली बाजू. कातडं स्वच्छ. मधोमध एक तपकिरी तीळ होता, डाळीएवढा, पूर्ण. आता तो वणाने दुभंगला होता. अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. थीराने फोटो पुन्हा पाहिला, उजवा-डावा हात उलटा पडलाय का ते तपासलं, दुसऱ्या कुणाचा फोटो यात मिसळलाय का ते पाहिलं. मग तिने ठरवलं की आपलंच काहीतरी चुकलंय. पंचवीस वर्षं माणसांची कातडी पाहिलेल्या बाईला दुसरं काही ठरवणं शक्य नव्हतं.

एस्कीलला तो वण नको होता. मालेनेला रात्री तो हात अंगावर चालत नाही, परक्या माणसाचा वाटतो, असं तो खाली मान घालून म्हणाला. थीराने त्याला नेहमीची गोष्ट सांगितली: वण कधी जात नाही, लेझरने फार तर फिका होतो, तोही महिनोन्महिने जाऊन. मग तिने त्याला लेझर दिलं. जळक्या केसांसारखा वास आला. एस्कीलने तोंडातून ब्रही काढला नाही.

पुढच्या खेपेला वण गेलेला होता. फिका झालेला नव्हता, गेलेला. टाक्यांचे ठिपके नव्हते, बाक नव्हता. तीळ पुन्हा सबंध होता.

बिर्थे म्हणाली, याचे आधीचे-नंतरचे फोटो खिडकीत लाव, उद्या कोपनहेगनहून गाड्या येतील. थीरा हसली. पण एस्कील गेल्यावर ती बराच वेळ हात धूत राहिली.

नोव्हेंबरात योर्नने एस्कीलला कारखान्याच्या आवारात गाठलं. पाळी सुटलेली होती, माणसं गाड्यांकडे चालली होती. योर्नला आदल्याच महिन्यात त्याच कारखान्यातून काढलं होतं. त्याच्या हातात तिथलीच सुरी होती, लांब, पातळ, माशाच्या कण्यालगत फिरते तशी. त्याने तोंडावर वार केला, एस्कीलने हात आडवा घातला. इस्पितळात एस्कील म्हणाला की काम करताना सुरी निसटली. भाऊ आहे, त्याला कशाला आत टाकायचं.

त्याला टाके घातले, घरी पाठवलं. टाके काढले तशी जखम उघडली. पुन्हा घातले, पुन्हा उघडली. पू नाही, ताप नाही, साखर नाही. शेवटी इस्पितळाने त्याला थीराकडे धाडलं.

तिने पट्टी सोडली. जखम कोपरापासून मनगटाकडे गेलेली होती, मध्यावर गळासारखा बाक. तीळ दुभंगलेला. आणि मांस लालभडक, ओलं, आत्ता कापल्यासारखं. घाव होऊन महिना होत आला होता. कडांना खपलीचा मागमूस नव्हता. भरून यायचं असतं हे त्या मांसाला कुणी सांगितलंच नव्हतं.

थीराने सगळ्या तपासण्या केल्या. कशातही काही निघालं नाही.

मालेने बरोबर आली होती. एस्कील बाहेर कोट घालत असताना तिने दार लोटलं आणि खरं काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. थीराने पोलिसांना लिहून दिलं की ही जखम कामावरची नाही. समोरून, वरून खाली केलेला वार आहे. योर्नला पकडलं, आणि खटला उभा राहीपर्यंत सोडलंही.

सुटल्यावर तो दवाखान्यात आला. भर सकाळी, बाकावर माणसं बसलेली असताना. त्याचेही हात थीराने वर्षानुवर्षं बरे केले होते, तिला ते चेहऱ्याआधी ओळखू आले: लाल, भेगाळलेले, फावड्याएवढे. त्याने तपासणीच्या खोलीचं दार लाथेने उघडलं, भिंगाचा दिवा दांड्यासकट उपटला आणि लेझरच्या यंत्रावर आपटला. काचा टेबलावर, औषधांवर, थीराच्या केसांत पडल्या. मग त्याने तिचा जबडा एका हातात धरला आणि तिला भिंतीशी उचललं. तिची पावलं जमिनीला लागेनात. जिभेवर रक्ताची चव आली.

"तुझी सही," तो अगदी हळू म्हणाला. "त्यानं स्वतः काही सांगितलं नव्हतं. माझा भाऊ माझ्याविरुद्ध बोलला नव्हता. तू बोललीस."

बिर्थे आत आली ती थेट दोघांच्या मध्ये घुसली. तिने हातात येईल ते घेतलं होतं. उकळत्या कॉफीचा थर्मास होता. तो तिने त्याच्या मानेवर रिता केला. योर्न ओरडला नाही. त्याने थीराला सोडलं, बिर्थेच्या कानशिलात अशी लगावली की ती कपाटावर जाऊन आदळली, आणि जिना उतरून शांतपणे निघून गेला. पोलिसांनी त्याला बंदरावरून उचललं, आणि तारखेपर्यंत पुन्हा सोडलं. बिर्थेच्या गालावर बोटं उमटली होती. "कॉफी वाया गेली," एवढंच ती म्हणाली.

नवा दिवा आला, यंत्र दुरुस्त झालं. नाताळच्या आधी मालेने एकटी आली. गळ्याशी गुंडाळलेला लोकरी मफलर तिने सोडला.

डाव्या कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत वण होता. पांढरा, जुना, टाक्यांच्या ठिपक्यांसकट.

"सकाळी तोंड धुताना दिसला," ती म्हणाली. "काढून टाक."

थीराने दिवा जवळ ओढला. खाली नाडी उडत होती, वण तिच्या अगदी वरून गेला होता. इथे कापलेलं माणूस इस्पितळापर्यंत पोचत नाही, हे तिला वैद्यकीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

"नाही," ती म्हणाली.

"एस्कीलचा काढलास."

"म्हणूनच नाही."

मालेने रडायला लागली नाही, चिडली. तिला सगळं लख्ख कळलं होतं. आधी वण येतो, मग घाव येतो. वण पुसला की घाव टळेल. तू डॉक्टर असून तुला एवढं कळत नाही? योर्न मला मारणार आहे आणि तू मला मरू देणार आहेस.

"एस्कीलचा पुसला होता, मालेने. घाव आलाच. फक्त तो भरत नाही."

बोलून गेल्यावर थीराला स्वतःचीच लाज वाटली. असलं बोलणं एखाद्या पेशंटने केलं असतं तर तिने त्याला मनाच्या डॉक्टरचा पत्ता दिला असता. पण शब्द परत घ्यावासा तिला वाटला नाही. तिने मालेनेचा हात धरला आणि सांगितलं की हा वण राहू दे, दुसऱ्या कुणाकडूनही काढून घेऊ नकोस, आणि आजच्या आज दोघं घर सोडा. मालेने म्हणाली की एस्कील घर सोडणार नाही. भावाच्या भीतीने पळालो असं बंदरावर म्हणतील, त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तो म्हणतो.

त्याच आठवड्यात एस्कील पट्टी बदलायला आला, तेव्हा थीराने तिळांचं निमित्त करून त्याला सगळे कपडे काढायला लावले. नव्या दिव्याखाली तिने त्याला डोक्याच्या केसांपासून तळपायापर्यंत पाहिलं. छाती, कुशी, पाठ, मांड्या, बोटांच्या बेचक्या. त्या एका उघड्या जखमेशिवाय कुठे रेघसुद्धा नव्हती. तिच्या छातीवरचा दगड उतरला.

"सगळं स्वच्छ आहे," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली. असं ती कधी करत नसे. एस्कीललाही बरं वाटलं. जाताना त्याने बिर्थेला नाताळच्या शुभेच्छा दिल्या आणि तिच्या टेबलावरच्या टोपलीतली ज्येष्ठमधाची गोळी तोंडात टाकली.

शनिवारी सकाळी योर्न त्यांच्या घरात शिरला, मागच्या कपडे धुण्याच्या खोलीतून. दोघं न्याहारी करत होते. मालेनेने हे सगळं नंतर ऑलबोर्गच्या इस्पितळात सांगितलं, घशातून हवा निघाल्यासारख्या आवाजात, थांबत थांबत. योर्न काही बोलला नाही. त्याने तिला केसांना धरून खुर्चीतून मागे ओढलं आणि कानाखालून सुरी फिरवली. पाव रक्ताने भिजला. एस्कीलने एका चांगल्या हाताने भावाच्या कमरेला मिठी घातली, तेव्हा योर्नने सुरी उलटी धरली आणि त्याच्या छातीत खुपसली. पुन्हा खुपसली. पुन्हा. रोजचं काम करत असल्यासारखा, घाई न करता. मालेने फरशीवर पडून बघत होती. एस्कील तिच्याकडे तोंड करून पडला होता. त्याचे डोळे उघडे होते आणि मग त्यांत कुणी नव्हतं.

योर्नने सिंकमध्ये हात धुतले, टॉवेलला पुसले आणि मागच्या दाराने गेला.

मालेने वाचली. शल्यविशारद थीराला बाजूला घेऊन म्हणाला की हे पुस्तकात बसत नाही. मोठी शीर कापली गेली होती, रुग्णवाहिका यायला वेळ लागला होता, आणि तरी रक्त आपोआप थांबलं होतं. शिवायला घेतलं तर कडा आपणहून एकमेकींना धरत होत्या. आठवड्याभरात तिथे कोरडी गुलाबी रेघ राहिली. कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत. थीराने ती पाहिली आणि तिला पुढचं बघायची गरज उरली नाही.

खाली येऊन ती गाडीत बसली. गाडी सुरू केली नाही.

वण म्हणजे भरून आलेली जखम. घाव होऊनही माणूस जगला, तरच वण पडतो. मेलेल्याला वण कुठला?

एस्कीलच्या छातीवर तिला काहीच दिसलं नव्हतं. आणि त्याच्या खांद्यावर थाप मारली होती.

योर्न सापडला नाही. पोलिसांनी हान्सटोल्मच्या वाळूच्या टेकड्यांत कुत्री सोडली, महायुद्धातल्या जुन्या काँक्रीटच्या खंदकांत दिवे घेऊन माणसं उतरली. एका खंदकात गोधडी सापडली, माशाचे काटे सापडले. वारा इतका होता की पावलांचे ठसे उमटता उमटता बुजत होते. समुद्रात गेला असेल, लोक म्हणाले. दवाखान्यासमोर काही दिवस पोलिसांची गाडी उभी राहिली. मग तिला दुसरं काम लागलं.

थीराने दवाखाना उघडला. इसब थांबत नाही, आठ्याही थांबत नाहीत. सकाळी ती मलम लिहून द्यायची, दुपारी सुया टोचायची, आणि नव्या पेशंटची बाही स्वतःच वर करून हात आतून-बाहेरून बघायची. कुणाच्या अंगावर नवखं काही दिसलं नाही. जानेवारी अर्धा सरला. चौकात बर्फ पडून काळं झालं.

एका बुधवारी थीरा वर आली तेव्हा बिर्थे आधीच आली होती. तिने कॉफी केली नव्हती. ती तपासणीच्या खोलीत, पेशंटच्या स्टुलावर, कोट न काढता बसली होती.

"थीरा, हे बघ."

तिने कोट उतरवला आणि दोन्ही बाह्या वर केल्या.

दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत वण होते. आडवे, तिरके, एकमेकांवरून गेलेले. उजव्या पंजाच्या मधून एक आरपार गेलेला होता. सगळे पांढरे, सगळे जुने.

थीराने ते हात आपल्या हातांत घेतले. असे वण तिने पाहिले होते. माणूस सुरीसमोर हात आडवे घालतो तेव्हा पडतात. कुणाला तरी आपल्या पाठीमागे घालून वाचवताना.

"काल रात्री नव्हते," बिर्थे म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त फार हळू. "आंघोळ करून झोपले तेव्हा नव्हते. यंत्र लाव. पेशंट यायच्या आत काढून टाक."

"नाही."

"थीरा."

"हे तुझ्याकडे राहू देत, बिर्थे. हे चांगले आहेत. माझं ऐक."

मालेनेशी काय बोलणं झालं होतं ते बिर्थेला माहीत नव्हतं. थीराने कुणालाच सांगितलं नव्हतं. बिर्थेने बाह्या खाली केल्या, एकेक बटण लावलं. मग ती उठली.

"मग आता तुझं बघू," ती म्हणाली. "कपडे काढ."

"नको."

"मी नर्स आहे. तू काही पहिली बाई नाहीस मी पाहिलेली."

थीराने स्वेटर काढला. शर्ट काढला. उरलेलं काढलं. खोली गार होती. बिर्थेने दिवा लावला आणि भिंग पुढे ओढलं.

तिने मान पाहिली. केस उचलून कानामागे पाहिलं. हात वर करायला लावून काखा पाहिल्या, मग छाती, पोट, कुशी. ती खाली बसली आणि तिने मांड्या पाहिल्या, पोटऱ्या पाहिल्या. मग थीराला पाठमोरी वळवलं आणि पाठीच्या कण्यावरून बोट फिरवत खालपर्यंत आली.

थीरा समोरच्या खिडकीकडे बघत होती. खिडकीबाहेर काही नव्हतं.

"काही आहे?" तिने विचारलं.

बिर्थेने सगळं पुन्हा एकदा, खालून वर पाहिलं. तिला खात्री करून घ्यायची होती.

"ओरखडासुद्धा नाही," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज सुटकेने फुटला. "देवाची दया. निदान तुला तरी काही व्हायचं नाही."

तिने थीराचा शर्ट उचलला, झटकला, आणि लहान मुलीला घालतात तसा एकेक हात धरून तिला घातला.